बॅकअप फेल झाला? आधी हात आवरा, मग कारण शोधा

संध्याकाळची शेवटची एंट्री टाकून झाली, बॅकअपचं बटण दाबलं, हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत गेली आणि अडली. मग एक चौकोन उगवला. त्यात दोन ओळी इंग्रजी, खाली ओके. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नुकतंच बसू लागलेल्या माणसाचा हात इथे आपोआप ओकेवर जातो आणि मेसेज न वाचताच नाहीसा होतो. दुसऱ्या दिवशी मला फोन येतो, ‘‘काहीतरी एरर आला होता.’’ काय आला होता? ‘‘काहीतरी फेल्ड असं.’’

हा लेख त्या ‘काहीतरी’साठी आहे. सॉफ्टवेअर कुठलंही असो, बॅकअप अडण्याची कारणं मोजकीच असतात आणि ती शोधायचा एक क्रम आहे. त्या क्रमाने गेलात तर बरेचदा अर्ध्या तासात उलगडा होतो. क्रम सोडला तर दिवस जातो, आणि नशीब वाईट असेल तर डेटाही. विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर धरून लिहिलं आहे. मेनूंची नावं तुमच्याकडे थोडी वेगळी असतील.

पहिली पायरी: काहीही दुरुस्त करू नका

चौकोन बंद करण्याआधी मोबाइलने त्याचा फोटो काढा. अक्षरं आणि आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत. मागे पट्टी किती टक्क्यांवर थांबली तेही फोटोत आलं तर उत्तम, ते पुढे कामाला येतं.

आता न करायच्या गोष्टी. ‘रिपेअर’, ‘रिबिल्ड’, ‘रीइंडेक्स’ या डेटा दुरुस्त करणाऱ्या बटणांपैकी कशालाही हात लावू नका. ‘रिस्टोअर’ला तर मुळीच नाही. बॅकअप म्हणजे चालू डेटाची प्रत बाहेर काढणं. रिस्टोअर म्हणजे जुनी प्रत चालू डेटाच्या डोक्यावर आणून बसवणं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही दोन बटणं एकमेकांच्या शेजारी असतात. एका ऑफिसात नव्या मुलाने बॅकअप होत नाही म्हणून शेजारचं बटण दाबून पाहिलं. सॉफ्टवेअरने विचारलं, आधीचा डेटा ओव्हरराइट करू का? त्याने येस म्हटलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप लिहायचं विचारतंय. सहा आठवड्यांपूर्वीची प्रत चालू डेटाच्या जागी आली. पुढचे कित्येक दिवस सगळं ऑफिस छापील बिलांच्या गठ्ठ्यावरून पुन्हा एंट्र्या टाकत होतं.

म्हणून आधी डेटाच्या फोल्डरची साधी कॉपी घ्या. डेटा नेमका कुठे आहे ते सॉफ्टवेअरच्या कंपनी माहितीच्या किंवा सेटिंगच्या स्क्रीनवर ‘डेटा पाथ’ किंवा तशाच नावाने लिहिलेलं असतं. सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर काढा, स्वतःही बाहेर पडा आणि ते अख्खं फोल्डर उचलून दुसरीकडे, जमल्यास दुसऱ्या डिस्कवर, आजची तारीख घातलेल्या नव्या फोल्डरात कॉपी करा. सॉफ्टवेअर चालू असताना केलेली कॉपी भरवशाची नसते, कारण एखादी एंट्री अर्धी लिहून झालेली असते आणि नेमक्या त्याच क्षणाची प्रत तुमच्या हाती येते.

तुमचं सॉफ्टवेअर मागे एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे डेटा सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा वेगळा प्रोग्राम, वापरत असेल तर एक फरक पडतो. सॉफ्टवेअर बंद केलं तरी डेटाबेसची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा त्याचा भाग, चालूच असते आणि तीच फाइल धरून बसलेली असते, त्यामुळे कॉपी करताना ‘फाइल इन यूज’ येतं. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ खिडकीतून ती सर्व्हिस थांबवा, एमडीएफ (खुद्द डेटा) आणि एलडीएफ (त्यातल्या बदलांची नोंद) या दोन्ही फाइली एकत्र कॉपी करा, सर्व्हिस पुन्हा सुरू करा. एकटी एमडीएफ घेऊन गेलात तर पुढे ती जोडताना रडवते.

ही कॉपी सुरळीत झाली तर निम्मी काळजी मिटली. एखाद्या फाइलवर येऊन अडकली तर त्या फाइलचं नाव लिहून ठेवा. रोग बहुधा तिथेच आहे.

दुसरी पायरी: मेसेजमधला आकडा वाचा

इंग्रजी वाक्यापेक्षा आकडा जास्त खरं बोलतो. विंडोजचे स्वतःचे काही नंबर ओळखीचे करून ठेवा, कारण बरीच सॉफ्टवेअर तेच जसेच्या तसे दाखवतात:

- ५: परवानगी नाही. ज्या जागी लिहायचं तिथे लिहायचा हक्क नाही.
- ३२: फाइल दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात आहे.
- ११२: जागा संपली. हा कधीकधी खोटं बोलतो, पुढे सांगतो.
- ५३: नेटवर्कवरचा पत्ता सापडला नाही.
- २३ आणि १११७: डिस्क, केबल किंवा पेनड्राइव्ह नीट वाचला किंवा लिहिला जात नाही. हे दिसलं की बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवा.

कधी हेच नंबर वेषांतर करून येतात. ‘०एक्स८००७’ अशी सुरुवात असलेला लांबलचक कोड दिसला तर त्याचे शेवटचे चार आकडे पाहा. तिथे वरचाच नंबर हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, बसलेला असतो: ०००५ म्हणजे ५, ००२० म्हणजे ३२, ००३५ म्हणजे ५३, ००७० म्हणजे ११२. विंडोजमधल्या कॅल्क्युलेटरच्या ‘प्रोग्रामर’ मोडमध्ये कुठलाही आकडा असा उलगडून पाहता येतो. सॉफ्टवेअरचा स्वतःचा वेगळाच कोड असेल तर त्याच्या हेल्पमध्ये तो शोधा.

तिसरी पायरी: फक्त जागा बदलून पाहा

सगळ्या तपासणीचा कणा इथे आहे. बॅकअप म्हणजे तीन कामं: चालू डेटा वाचणं, त्याचं गाठोडं बांधणं आणि ते दुसरीकडे नेऊन ठेवणं. अडचण वाचताना आली की ठेवताना, एवढं कळलं की शोध निम्म्यावर येतो.

त्यासाठी सी ड्राइव्हवर, दुसऱ्या कुठल्याही फोल्डरच्या आत न जाता, एक नवं फोल्डर करा. नाव साधं, छोटं, स्पेस नसलेलं. बॅकअपची बाकी कुठलीही सेटिंग न बदलता फक्त ठेवायची जागा म्हणून हे फोल्डर द्या आणि बॅकअप घ्या. डेटा एसक्यूएल सर्व्हरवर असेल तर हे सगळं सर्व्हर असलेल्या मशीनवर बसून करा.

झाला? मग डेटा ठीक आहे, दोष पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, नेटवर्क किंवा परवानगीचा. चौथ्या पायरीवर जा. आणि हो, आजचा बॅकअप तुमच्या हाती आला, तो पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.

इथेही अडला? मग दोष बहुधा डेटाच्या बाजूला. पाचवी पायरी.

एका वेळी एकच गोष्ट बदला. पेनड्राइव्ह बदलला, अँटीव्हायरस बंद केला आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, अशा तिन्ही गोष्टी एकदम केल्या आणि बॅकअप झाला, तर कशाने झाला ते कधीच कळणार नाही. आठवड्याने पुन्हा तिथेच याल.

चौथी पायरी: ठेवायची जागा तपासा

मला सर्वांत जास्त वेळा भेटलेलं दुखणं आधी सांगतो. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यात २४ जीबी मोकळी, आणि सॉफ्टवेअर म्हणतंय जागा अपुरी. ऑपरेटर वैतागलेली. पेनड्राइव्हमधल्या जुन्या फाइली डिलीट केल्या, तरी तेच. गेली दोन वर्षं याच पेनड्राइव्हवर रोज बॅकअप होत होता, मग आजच काय झालं? मी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडायला सांगितलं. ‘फाइल सिस्टिम’समोर लिहिलं होतं, फॅट३२. मग कालच्या बॅकअपची साइज पाहायला सांगितली: ३.९८ जीबी.

फाइली साठवायच्या फॅट३२ या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे, त्यापुढे एक बाइटही नाही. पेनड्राइव्हमध्ये जागा कितीही मोकळी असो, एक फाइल तेवढी मोठी होऊच शकत नाही. ३२ जीबी आणि त्याहून लहान पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२मध्येच फॉरमॅट होऊन येतात. डेटा वाढत वाढत त्या रेषेला टेकला की एके दिवशी अचानक बॅकअप बंद. उपाय म्हणजे पेनड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणं. पण फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, तेव्हा आधीचे बॅकअप दुसरीकडे काढल्याशिवाय ते बटण दाबू नका.

जागेचा दुसरा चकवा सी ड्राइव्हचा. बरीच सॉफ्टवेअर गाठोडं आधी विंडोजच्या टेम्प फोल्डरात बांधतात आणि पूर्ण झाल्यावरच तुम्ही सांगितलेल्या जागी हलवतात. बाहेरच्या डिस्कवर एक टीबी मोकळी असली आणि सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असला तरी बॅकअप फेल. म्हणून मोकळी जागा दोन्हीकडे पाहा. डेटा फोल्डर जेवढं, त्याच्या दुप्पट तरी सी ड्राइव्हवर मोकळी हवी, असा माझा ठोकताळा.

पेनड्राइव्हवर फार भिस्त ठेवू नका, हे जाता जाता सांगून ठेवतो. वर १२८ जीबी छापलेले पण आत त्याच्या अंशाइतकीच खरी जागा असलेले नकली पेनड्राइव्ह सर्रास मिळतात. ते लिहिताना तक्रार करत नाहीत, वाचताना हात वर करतात. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं मोफत टूल अख्खा ड्राइव्ह भरून पुन्हा वाचून पाहतं. नवा पेनड्राइव्ह कामाला लावण्याआधी ते एकदा चालवा.

काल ई असलेला ड्राइव्ह आज एफ झाला, ही आणखी एक नेहमीची गोष्ट. मध्ये कोणीतरी दुसरा पेनड्राइव्ह लावला, अक्षर सरकलं आणि सॉफ्टवेअर जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसलं. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन बॅकअपच्या डिस्कला वर्णमालेच्या शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका, म्हणजे दुसरं कोणी ते पटकवणार नाही.

नेटवर्कवर बॅकअप घेत असाल तर मॅप केलेल्या ड्राइव्हवर, म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरला अक्षर देऊन केलेल्या ड्राइव्हवर, संशय घ्या. तुम्हाला झेड ड्राइव्ह समोर दिसतो, उघडतो, फाइली टाकता येतात, आणि तरी सॉफ्टवेअर म्हणतं पाथ सापडत नाही. कारण असं की मॅप केलेला ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरता असतो. सॉफ्टवेअर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं किंवा बॅकअप एखादी सर्व्हिस घेत असली, तर तिच्या लेखी झेड नावाचं काही नसतं. तिथे ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्या.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची गंमत अशीच. बॅकअपची फाइल तुम्ही लिहीत नाही, सर्व्हरची सर्व्हिस लिहिते. तुम्ही कॉम्प्युटरचे मालक असा, ॲडमिन असा, त्या सर्व्हिसच्या खात्याला फोल्डरात लिहायची परवानगी नसेल तर ‘ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५’ येणारच. डेस्कटॉपवर बॅकअप घ्यायला गेलं की हमखास हे होतं, आणि तिसऱ्या पायरीतल्या नव्या फोल्डरवरही होऊ शकतं. तिथे ५ नंबर दिसला तर डेटाला दोष देऊ नका. एसक्यूएल सर्व्हरचं स्वतःचं ठरलेलं बॅकअप फोल्डर असतं, तिथे घेऊन पाहा. तिथे झाला तर प्रश्न परवानगीचाच, आणि हव्या त्या फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये त्या खात्याला हक्क दिला की मिटतो.

परवानगी सगळी बरोबर दिसत असूनही डॉक्युमेंट्स फोल्डरात बॅकअप होत नसेल तर ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ पाहा. रॅन्समवेअरपासून, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून, बचावासाठी विंडोज १०मध्ये २०१७च्या अपडेटपासून आलेली ही सोय आहे. मुळात ती बंद असते, पण कोणी चालू केली असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांत लिहू देत नाही. ‘विंडोज सिक्युरिटी’च्या ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’त त्याची नोंद सापडते. ती सोय बंद करू नका, तुमच्या सॉफ्टवेअरला परवानगीच्या यादीत घाला.

राहिलं फाइलचं नाव. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन्ही बाजूंचे कोनी कंस आणि उभी रेघ चालत नाहीत. बॅकअपच्या नावात तारीख तिरक्या रेघा देऊन लिहिली किंवा वेळ कोलन देऊन लिहिली की झालं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आडव्या रेघेने लिहा. फाइली आपोआप क्रमानेही लागतात. आणि फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं करत गेलात तर जुन्या घडणीच्या प्रोग्रामना पूर्ण पाथची २६० अक्षरांची मर्यादा आडवी येते.

पाचवी पायरी: डेटाच्या बाजूला पाहा

इथे घाबरायच्या आधी सोपं कारण काढून टाका: कोणीतरी आत आहे. पाच कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर चालतं तिथे ‘सगळे बाहेर पडले’ हे तोंडी उत्तर खरं मानू नका. एकदा आम्ही तासभर शोधत होतो. शेवटी कोपऱ्यातल्या टेबलावरचा मॉनिटर लावून पाहिला, तर बिलाची स्क्रीन अर्धवट उघडी. त्या बाई फक्त मॉनिटर बंद करून गेल्या होत्या. डेटा ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथे ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडा, ‘शेअर्ड फोल्डर्स’, मग ‘ओपन फाइल्स’. कोणत्या यूझरने कोणती फाइल धरली आहे ते नावासकट दिसतं. तिथूनच जबरदस्तीने फाइल बंद करायचा पर्यायही दिसेल. तो वापरू नका, त्या माणसाला गाठून एंट्री सेव्ह करायला लावा.

कोणीच नसेल तर ‘टास्क मॅनेजर’ पाहा. मघाशी हँग होऊन गेलेलं सॉफ्टवेअर पडद्यावरून गायब होतं, पण मागे भुतासारखं फाइल धरून बसतं.

मग अँटीव्हायरस आणि क्लाउड सिंक. अँटीव्हायरस बॅकअपच्या ऐन वेळी फाइल तपासायला घेतो आणि ३२ नंबरची एरर येते. डेटाचं फोल्डर त्याच्या अपवादांच्या यादीत घाला. अख्खा अँटीव्हायरस बंद ठेवणं हा उपाय नव्हे. सिंकबद्दल माझं मत ठाम आहे: चालू डेटा ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांच्या फोल्डरात ठेवायचाच नाही. सॉफ्टवेअर फाइलमध्ये लिहीत असतं आणि सिंक तीच फाइल वर पाठवायला ओढत असतं. दोन कॉम्प्युटरवरून उघडला तर ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ तयार होते, आणि कुठली खरी ते सांगणारं कोणी नसतं. तयार झालेला बॅकअप मात्र त्या फोल्डरात खुशाल टाका.

एवढं करूनही पट्टी दर वेळी नेमक्या त्याच टक्क्यावर अडत असेल, तर डेटाच्या आत काहीतरी बिघडलंय. इतर खुणा: एका ठरावीक महिन्याचा रिपोर्ट उघडला की सॉफ्टवेअर बंद पडतं, एखादं खातं उघडतच नाही, तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळत नाही. आता कुठे डेटा तपासणाऱ्या ‘व्हेरिफाय’ची आणि मघाच्या त्या ‘रिबिल्ड’ची वेळ आली, आणि तीही क्रमाने.

त्याआधी डिस्कची प्रकृती बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत टूल डिस्कची स्वतःची नोंद वाचून दाखवतं. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर त्या डिस्कवर दुरुस्ती करायची नाही. विंडोजची ‘चेक डिस्क’ दुरुस्तीसकट चालवायची घाईसुद्धा नको. मरायला टेकलेल्या डिस्कला ती आणखी पळवते. आधी जे निघेल ते दुसऱ्या डिस्कवर काढा, मग काय ते.

डिस्क ठणठणीत असेल तर पहिल्या पायरीत घेतलेल्या कॉपीची आणखी एक कॉपी करा आणि सॉफ्टवेअरमध्ये ती वेगळी कंपनी म्हणून उघडा. त्यावर ‘व्हेरिफाय’ चालवा. दोष सापडला की तेरजेची एकूण रक्कम, रोख आणि बँकेची शिल्लक, शेवटच्या बिलाचा नंबर कागदावर लिहून घ्या, मग ‘रिबिल्ड’ चालवा, मग पुन्हा हेच आकडे ताडून पाहा. रिबिल्ड कधीकधी न वाचता येणारी एंट्री दुरुस्त करत नाही, सरळ वगळून टाकतं आणि वर यश मिळाल्याचा मेसेज देतं. लिहून घेतलेले आकडे नसतील तर ते तुमच्या लक्षातही येणार नाही. आकडे जुळले तरच खऱ्या डेटावर तेच करा.

नाही जुळले तर शेवटचा चांगला बॅकअप वेगळ्या जागी उघडा आणि मधल्या दिवसांच्या एंट्र्या पुन्हा टाका. किंवा इथे कंपनीच्या सपोर्टला फोन करा. फोटो, सॉफ्टवेअरची आवृत्ती, डेटा फोल्डरची साइज आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं, एवढं हाताशी ठेवा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होणार नाही.

बॅकअप फेल झाला नाही, झालाच नाही

हा प्रकार वेगळा. रात्री आपोआप होणारा बॅकअप सकाळी पाहिला तर नाहीच, आणि एररही नाही. विंडोजच्या ‘टास्क शेड्युलर’मध्ये ते काम शोधा आणि ‘लास्ट रन रिझल्ट’ वाचा. ०एक्स० म्हणजे काम पार पडलं. ०एक्स४१३०३ म्हणजे ते अजून एकदाही चाललेलं नाही. ०एक्स२ म्हणजे चालवायची फाइलच सापडली नाही, बहुधा सॉफ्टवेअर अपडेट होताना तिची जागा बदलली. ०एक्स८००७०५२ई म्हणजे यूझरनेम किंवा पासवर्ड चुकीचा: तुम्ही विंडोजचा पासवर्ड बदललात आणि शेड्युलरला सांगायचं राहून गेलं.

लॅपटॉप असेल तर ‘कंडिशन्स’ टॅब उघडा. ‘चार्जर लावलेला असेल तरच सुरू कर’ ही खूण मुळातच केलेली असते. तिथलीच ‘कॉम्प्युटर झोपला असेल तर उठव’ आणि शेजारच्या ‘सेटिंग्ज’ टॅबमधली ‘वेळ हुकली तर नंतर लगेच चालव’ या दोन्ही मात्र स्वतः कराव्या लागतात. आणि एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत ठरावीक वेळी काम चालवणारा एजंट चालत नाही. तिथे बॅकअप रोज रात्री होतोय असं कोणी सांगितलं तर तो कशाने होतोय ते विचारून घ्या.

‘सक्सेसफुल’वर विश्वास किती ठेवायचा

जानेवारी २०१७च्या अखेरीस गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर ठेवायच्या जागी काहीच नव्हतं. बॅकअप घेणारं टूल डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं होतं, म्हणून ते रोज फेल होत होतं. फेल झाल्याच्या मेल निघत होत्या, पण समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने दुसरीकडे होती, तिच्यावर निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. ज्यांचा धंदाच कॉम्प्युटरचा, त्यांची ही गत.

म्हणून ‘तक्रार आली नाही’ याला पुरावा मानू नका. आठवड्यातून एकदा बॅकअपचं फोल्डर उघडा आणि तारीख व साइज या दोन रकान्यांवरून नजर फिरवा. हिशेबाचा डेटा रोज थोडा थोडा वाढतो, तशी फाइलही वाढली पाहिजे. एकदम निम्मी झाली तर काहीतरी वगळलं जातंय. दहा दिवस बाइटपर्यंत तंतोतंत तीच साइज, तर जुन्याच फोल्डरचा बॅकअप होतोय. नव्या वर्षाची नवी कंपनी उघडली आणि शेड्युलरमध्ये मागच्याच वर्षाची राहिली, असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. मेसेज रोज ‘सक्सेसफुल’, आणि त्यात खोटं काहीच नाही.

साइज बरोबर असली तरी खरी परीक्षा रिस्टोअरची. महिन्यातून एकदा कामाच्या नसलेल्या वेळी करा. दुसरा कॉम्प्युटर असेल तर त्यावरच. नसेल तर नवी रिकामी कंपनी, वेगळं फोल्डर, आणि येस म्हणण्याआधी डेस्टिनेशनचा पाथ मोठ्याने वाचायचा, मला अजूनही ती सवय आहे. त्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचं असेल तर नव्या आवृत्तीतला बॅकअप बहुधा उघडणार नाही. बॅकअपला पासवर्ड दिला असेल तर तो कोणाला माहीत आहे, हेही आजच कळेल.

उघडल्यावर नुसतं पाहून खूश होऊ नका. चालू कंपनीत आणि चाचणीच्या कंपनीत बॅकअपच्या तारखेची तेरीज शेजारी शेजारी ठेवा. रोख, बँक, शेवटच्या विक्री बिलाचा नंबर, त्या महिन्यातल्या व्हाउचरांची संख्या. मग एखादं बिल उघडून त्याला जोडलेला स्कॅन दिसतो का पाहा. काही सॉफ्टवेअर जोडलेल्या फाइली आणि बिलाचे छापील नमुने डेटाबेसबाहेर ठेवतात आणि बॅकअपमध्ये ते येतच नाहीत. त्यांचं फोल्डर वेगळं उचलावं लागतं.

जुळलं सगळं, तर त्या बॅकअपची एक प्रत ऑफिसबाहेर जाऊ द्या आणि बाहेरची डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर डेटाबरोबर तीही कुलूपबंद करतं.

आणि चाचणीची कंपनी यादीतून लगेच काढून टाका. राहिली तर तिचं नाव खऱ्या कंपनीच्या खालीच दिसतं, आणि कोणीतरी सकाळी तीच उघडून कामाला लागतं. मी एकदा विसरलो होतो. चौथ्या दिवशी कळलं तेव्हा त्यात दीडशेच्या वर एंट्र्या होत्या, आणि त्या परत खऱ्या कंपनीत टाकायला मीच बसलो होतो.